तोफेआडची माणसे

लढाईचा चित्रपट म्हटला की आमच्या वर्गातील मुलांची एक ठरलेली फर्माईश असते : "गुरुजी, खरीखुरी लढाई असलेला सांगा!" मी त्यांना उलट विचारतो, "लढाई पाहायची आहे, की लढणारा माणूस?" मुले बुचकळ्यात पडतात. पण कॅमेरा रणांगणावर गेला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या मागे लागलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरची मंडळी एकत्र बसून काही पाहणार असतील, तर त्या इतिहासातील दोनचार चित्रपट सुचवावेत, एवढ्यासाठी हा प्रपंच.

पहिला मान 'द बॅटल ऑफ द सोम' या १९१६ सालच्या मूकपटाला. फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात १ जुलै १९१६ रोजी इंग्रजांनी जर्मनांवर मोठा हल्ला चढविला. त्या एका दिवसात इंग्रजी फौजेचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून ५७,४७० लोक खर्ची पडले. त्यांतील १९,२४० जण प्राणाला मुकले. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोन छायाचित्रकार हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन तेथे हजर होते. त्यांच्या फिती जोडून केलेला चित्रपट ऑगस्टमध्येच लंडनच्या चित्रपटगृहांत लागला. लढाई तर नोव्हेंबरपर्यंत चालायची होती! पहिल्या दीड महिन्यात सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला असे सांगतात. आपला मुलगा, आपला भाऊ क्षणभर तरी पडद्यावर दिसेल, या आशेने माणसे त्या काळोखात जाऊन बसत होती. घरी तार येऊन गेलेली आणि पडद्यावर तो हसत चाललेला, या कल्पनेनेच कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याची लेखणी थबकते.

या चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य कोणते? शिपाई खंदकातून वर चढतात आणि त्यांतला एखादा तेथेच कोसळून खाली घसरतो. पुढे कितीतरी माहितीपटांनी ते उसने घेतले. मौज अशी की नेमके तेवढेच लुटुपुटुचे आहे. आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी ते वठवून घेतले असावे असे अभ्यासकांचे मत आहे. आणि ते पटतेही. कारण गोळ्यांच्या वर्षावात तिकाटण्यावर कॅमेरा मांडून त्याची दांडी फिरवीत कोण उभा राहील?

खरे दृश्य निराळेच आहे. लँकेशायर फ्युझिलिअर्स पलटणीचे जवान एका खोलगट वाटेत हल्ल्याची वाट पाहत दाटीवाटीने बसले आहेत. कोणी कॅमेऱ्याकडे पाहून ओढूनताणून हसतो, कोणी नुसता टक लावून पाहतो. गोळी नाही, धूर नाही. थोड्याच वेळाने ते उघड्या रानात निघाले आणि यंत्रबंदुकांच्या तोंडी सापडले. घरी हा चित्रपट लावाल तेव्हा येथे थांबवून एकेक चेहरा पाहावा. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' या चित्रपटात त्या युद्धाच्या जुन्या फितींना रंग दिला, त्यांची धावरी गती सुधारली, ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञ बसवून शिपाई काय बोलत आहेत तेही शोधून काढले. जोडीला वृद्ध सैनिकांच्या मुलाखतींतील आवाज आहेत. रंगाविषयी मतभेद होऊ शकतो. त्या आवाजांविषयी मात्र होणार नाही.

लढून परत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे दाखविण्याचे धाडस अमेरिकेच्या जॉन ह्यूस्टन यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करासाठी माहितीपट काढीत असत. १९४५ साली न्यूयॉर्कजवळच्या एका लष्करी रुग्णालयात, मनाने मोडलेल्या सैनिकांमध्ये त्यांनी कॅमेरे लावले. 'लेट देअर बी लाइट' हा तो चित्रपट. शरीरावर जखम नाही, पण एकाला चालता येत नाही. एकाची वाचा अडखळते. एकाला आपले नावगावही आठवत नाही. एक धिप्पाड कृष्णवर्णी जवान प्रेयसीच्या छायाचित्राविषयी बोलता बोलता रडू लागतो. शेवट काहीसा गोड करून दिला आहे, इतक्या लवकर माणसे बरी होत नसतात. तरीही सरकारला तो झेपला नाही. रुग्णांच्या खासगी जीवनाचे कारण पुढे झाले आणि चित्रपट सुमारे ३५ वर्षे कुलपात पडला. १९८० च्या अखेरीस तो मोकळा झाला. लष्करानेच पैसे देऊन काढविलेला चित्रपट लष्करानेच लपवावा! घरात तरुण मुले असतील तर हा त्यांना जरूर दाखवावा, आणि नंतर बोलावे.

आपल्याकडचा चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) पुष्कळांनी पाहिलेला असेल. १९६२ च्या लडाखमधील लढाईवरचा हा काल्पनिक पट. त्यातील धुमश्चक्रीपेक्षा बर्फातील माघार आणि घरच्या आठवणी अधिक टिकतात.

पण आपल्या गावांतून पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांचे काय? सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावी स्मृतिस्तंभ आहे. त्या युद्धात गावचे ४६ जण कामी आले. असे दगड महाराष्ट्रात जागोजागी आहेत. ते आकडा सांगतात आणि गप्प बसतात.

त्या पिढीतल्या हिंदी शिपायाचा आवाज ऐकायचा तर जर्मनीकडे जावे लागते. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ येथे कैद्यांची छावणी होती. तेथील हिंदी कैद्यांकडून जर्मन भाषापंडितांनी गोष्टी, गाणी म्हणवून घेऊन त्यांच्या ध्वनिमुद्रिका केल्या. पंडितांना हवे होते उच्चार. माणसांशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. फिलिप शेफनर यांनी २००७ साली 'द हाफमून फाइल्स' हा माहितीपट या मुद्रिकांवरच काढला. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि त्याने स्वतःचीच हकीकत परक्या माणसाची असल्यासारखी सांगितली. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात असे. इंग्रजांच्या चाकरीत लढाईवर आला, जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला घरी जायचे आहे, आणखी दोन वर्षे येथे काढावी लागली तर तो मरेल. सारे मिळून मिनिट-दीड मिनिटाचे बोलणे.

या माहितीपटात असे आवाज चालू असताना पडदा कित्येकदा काळाच राहतो. चित्र बिघडले म्हणून मुले उठू लागतील. त्यांना बसवून ठेवावे.