शेकडेवारीचे अध्यापन

शेकडेवारीचे अध्यापन : एखादी राशी दुसऱ्या राशीच्या मानाने किती आहे, हे त्या दुसऱ्या राशीचे शंभर समान भाग कल्पून सांगण्याच्या पद्धतीस शेकडेवारी म्हणतात. ज्या राशीचे शंभर भाग कल्पिले जातात, तिला आधारराशी म्हणता येईल. शेकडा २५ म्हणजे आधारराशीचा पाव भाग. म्हणून आधारराशी ठाऊक नसेल, तर शेकडेवारीच्या आकड्यास अर्थ उरत नाही. हा विषय सामान्यतः ११ ते १४ वर्षे वयाच्या, म्हणजे उच्च प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांना शिकविला जातो. त्याच्या अध्यापनात दोन अंगे असतात : उत्तर काढण्याची रीत आणि आधारराशी ओळखण्याची जाण. पहिले अंग प्राचीन काळीच पूर्णत्वास पोहोचले. दुसऱ्या अंगाकडे मात्र दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले गेले नाही. आभासी वर्गातही मुख्य अडचण हीच आहे.

प्राचीन काळ : शंभराच्या प्रमाणात आकारणी करण्याची प्रथा कर व व्याज यांतून उदयास आली. रोममध्ये ऑगस्टसने लिलावातील विक्रीवर एक-शतांश कर बसविला होता. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले असून व्यापारी व्यवहारास पाच, अरण्यातून जाणाऱ्यांस दहा व समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांस वीस पण असे चढते दर दिले आहेत. जोखीम वाढेल तसा दर वाढतो, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. हे सर्व दर मासिक आहेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. सव्वा पणाचा मासिक दर म्हणजे वर्षास शेकडा १५ होय.

अशा उदाहरणांसाठी भारतीय गणितज्ञांनी त्रैराशिकाची रीत दिली. आर्यभटाच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथात ती आढळते. प्रमाण, फल व इच्छा या तीन ज्ञात राशींवरून चौथी काढावयाची, असे तिचे स्वरूप आहे. मुद्दल, काल व व्याज हे तिन्ही बदलत असतील, तेव्हा पंचराशिकाचा उपयोग करीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) शंभरास दरमहा पाच व्याज असता सोळांचे एका वर्षाचे व्याज विचारले आहे. त्याचे उत्तर ९ ३/५ येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात (१२०७) आहे. यावरून महाराष्ट्रात या गणिताचे पद्धतशीर अध्यापन होत असल्याचे दिसते.

यूरोप : चौदाव्या-पंधराव्या शतकांत इटलीतील व्यापारी नगरांत हिशेबाच्या स्वतंत्र शाळा होत्या. फ्लॉरेन्समध्ये सु. ११ वर्षांची मुले त्यांत दाखल होत व सुमारे दोन वर्षे व्यापारी गणित शिकत. शेकडेवारीच्या अध्यापनाचे आजचे वय याच्याशी जुळते. ‘पेर चेंतो’ (दर शंभरास) या इटालियन शब्दप्रयोगाचे संक्षिप्त रूप पंधराव्या शतकातील हस्तलिखितांत आढळते. सतराव्या शतकात त्याला आडव्या रेषेच्या वर व खाली शून्य असे रूप आले आणि पुढे रेषा तिरपी होऊन आजचे चिन्ह (%) रूढ झाले. सायमन स्टेव्हिन याने १५८२ मध्ये व्याजाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार केला. त्यामुळे शेकडेवारी व दशांश लेखन यांची सांगड घालणे सुकर झाले.

महाराष्ट्र : पंतोजींच्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांची कोष्टके तोंडपाठ करवून घेत. हे शिक्षण तत्कालीन नाण्यांना अनुरूप होते. रुपयाचे १६ आणे व १९२ पै होत असल्याने पाव, अर्धा, आणा यांचे हिशेब तोंडी होत. शेकडेवारीचे मात्र तसे नव्हते. रुपयावर शेकडा सव्वासहा म्हणजे बरोबर एक आणा, परंतु शेकडा पाच म्हणजे ९.६ पै, असा विषम हिशेब येई. शिवाय ‘शेकडा दोन’ असा दर सांगताना तो दरमहाचा की दरसालचा, हे बोलण्यात पुष्कळदा अध्याहृत राही. दरमहा शेकडा दोन म्हणजे दरसाल शेकडा २४. व्याज मुद्दलात मिळवीत गेल्यास हाच आकडा सु. २६.८ होतो.

या अज्ञानाची किंमत शेतकऱ्यांना मोजावी लागली. १२ मे १८७५ रोजी सुपे (जि. पुणे) येथे सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. शेतसाऱ्याचा बोजा, कापसाच्या भावातील घसरण अशी त्याची अनेक कारणे होती. तथापि स्वतःच्या नावावरील रोखा वाचता व पडताळता न येणे ही कर्जदाराची दुर्बलता होतीच. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने केवळ रोख्यावर न विसंबता व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपविले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी वाचन-लेखन व हिशेब यांचा समावेश असावा, अशी मागणी केली. गणिताचे शिक्षण हे रयतेच्या संरक्षणाचे साधन आहे, ही दृष्टी या मागणीतून व्यक्त होते.

दशमान पद्धतीनंतर : १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे शंभर पैसे झाल्यामुळे एक पैसा म्हणजे रुपयाचा शेकडा एक भाग, हे मुलांना नाण्यांवरून दाखविता येऊ लागले. पाठ्यपुस्तकांत एकमान पद्धतीने नफा-तोटा, सूट व सरळव्याज यांची उदाहरणे सोडविली जात. ‘द. सा. द. शे.’ (दर साल दर शेकडा) हे संक्षेपरूप मराठी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. काल व आधारराशी या दोन्हींचा निर्देश त्यात असतो, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु सूत्रात किमती भरून उत्तर काढण्यावरच भर राहिल्याने अनेकांना ते केवळ पाठ होते.

आभासी वर्ग : १९६० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकाधारित अध्यापनप्रणाली सुरू झाली. भारतात १९७५-७६ मधील उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सु. २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले, परंतु हे माध्यम एकमार्गी होते. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि भ्रमणध्वनी व संगणक यांवरील आभासी वर्ग हा अध्यापनाचा नित्याचा मार्ग झाला. ज्या घरी जालजोडणी नव्हती किंवा एकच भ्रमणध्वनी होता, तेथील मुले त्यापासून दुरावली.

शेकडेवारीच्या अध्यापनास हे माध्यम काही अंशी अनुकूल आहे. पडद्यावर शंभर चौकटींचा तक्ता रंगविता येतो. दुहेरी संख्यारेषेवर एका बाजूस रुपये व दुसऱ्या बाजूस शेकडा भाग दाखवून आधारराशी बदलताच उत्तर कसे बदलते, हे तत्काळ दाखविता येते. मात्र विद्यार्थ्याची वही शिक्षकाच्या नजरेस पडत नाही, ही मोठी उणीव आहे. त्यामुळे केवळ उत्तर न विचारता चुकीचे कारण उघड करील असा प्रश्न योजावा लागतो. उदा., ५०० रुपयांच्या सदऱ्यावर प्रथम शेकडा २० व उरलेल्या किमतीवर आणखी शेकडा १० सूट दिल्यास किंमत किती? ३६० हे उत्तर बरोबर आहे. ३५० असे सांगणाऱ्याने दुसऱ्या वेळीही ५०० हीच आधारराशी धरलेली असते. दोन्ही पर्याय देऊन वर्गाचा कौल घेतला, तर कोणाला काय पुन्हा समजावयाचे, हे शिक्षकास कळते. त्याचप्रमाणे ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाणे ही दहा टक्के-बिंदूंची, परंतु मूळ प्रमाणाच्या मानाने शेकडा २५ वाढ आहे, हा भेदही अशाच प्रश्नांनी स्पष्ट होतो.

गुणाकार-भागाकाराचे काम आता यंत्रे करतात. आधारराशी कोणती व मुदत कोणती, हे प्रश्न मात्र माणसालाच विचारावे लागतात. भ्रमणध्वनीवरून कर्ज देण्याचे व्यवहार वाढल्यावर भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा कर्जाचा सर्व खर्च धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर कर्जदारास आधी कळविणे बंधनकारक केले. १८७९ च्या कायद्यामागील हेतूशी या नियमाचे नाते आहे. तथापि कायद्याने छापविलेला आकडा वाचता येण्यासाठी लागणारी जाण शाळेतच द्यावी लागते, मग तो वर्ग भिंतींचा असो वा पडद्यावरचा.