वस्तरा, पथरी, पट्टा
१२. धोपटी म्हणजे न्हाव्याची हत्यारे ठेवायची चामडी पिशवी. छत्तीसगडावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. रायपुरात मराठी वस्ती त्या अमलापासूनची. म्हणून तिथल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या या आठवणींत मराठी ‘वस्तरा’ आणि हिंदी ‘उस्तरा’ दोन्ही येतात, हत्यार एकच. ‘पथरीवर लावणे’ आणि ‘पट्ट्यावर मारणे’ या क्रिया मात्र वेगळ्या. ओल्या पथरीवर पाते पाठीसकट टेकवून, धार पुढे ठेवून सरकवतात; पाठीच्या जाडीमुळे कोन आपोआप राखला जातो. चामड्याच्या पट्ट्यावर नेमके उलट : पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाच चिरतो. पथरी पोलाद झिजवून धार काढते, पट्टा ती सरळ करतो. म्हणून पट्टा दर दाढीआधी, पथरी कधीमधी.
— संपा.