महापुराआधी गावानं काय ठरवून ठेवायचं? नदीकाठच्या गावांसाठी माहिती

सांगली : कृष्णा-वारणाकाठानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर बघितले. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि कितीतरी जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. यातून शिकायचं ते एवढंच, की बोटीची वेळच येऊ द्यायची नाही. रस्ता कोरडा आहे तोवर गाव हललं पाहिजे.

गावची खूण ठरवा
सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण नुसता आकडा मोबाईलवर वाचून उपयोग नाही. किती फुटाला आपल्या गावचा ओढा तुंबतो, कधी रस्ता बंद होतो, पहिलं पाणी कुठल्या गल्लीत शिरतं, हे जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा. वरच्या अंगाच्या गावांनी बहे, ताकारी, भिलवडी यापैकी जवळच्या पुलाची पातळी बघावी. कोयनेतून किती पाणी सोडलं, त्यावरही लक्ष ठेवावं.

आधी जनावरं
बरीच माणसं गोठ्यासाठी मागं राहतात. म्हणून जनावरं पहिली हलवा. कुठल्या गावात न्यायची, ट्रॅक्टर-ट्रॉली कुणाची, वैरण कुठनं आणायची, हे मे महिन्यातच ठरवा. कानातला बिल्ला आहे का बघा. निघायला उशीर झालाच तर दावी सोडून द्या, बांधलेलं जनावर जागेवर बुडतं.

यादी नावानिशी करा
अंथरुणाला खिळलेली, अपंग, एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांची गल्लीवार यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढं त्यांना बाहेर काढणाऱ्या दोघांची नावं लिहा. शाळेची किल्ली कुणाकडं असते, हे चार जणांना तरी माहीत पाहिजे. लाईट गेली की मोबाईल बंद पडतात, तेव्हा देवळाचा भोंगाही चालत नाही. दवंडीसाठी हलगी किंवा ताशा तयार ठेवा.

घरात काय ठेवायचं
सातबारा, आधार, पासबुक, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या आणा. घर, गोठा आणि पिकाचे फोटो आधीच काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी कामाला येतात. घर सोडताना मेन स्विच आणि गॅस बंद करा.

हे नंबर पाठ करा
जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, पोलीस व तातडीची मदत ११२.

ही सगळी यादी मे महिन्यातल्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. मागच्या वर्षीची असेल तर नावं तपासून घ्या, त्यातली काही माणसं कामासाठी गाव सोडून गेलेली असतात.