हेल्मेटच्या व्हायझरवरचे ओरखडे कसे काढायचे? काय चालतं, काय टाळायचं आणि व्हायझर कधी बदलायचा

मोबाईलच्या स्क्रीनवर एक चरा पडला तरी आपण अस्वस्थ होतो. पण ज्या व्हायझरमधून आपण ६० च्या वेगाने जाताना रस्ता बघतो, त्यावर चऱ्यांची जाळी झाली तरी ‘चालतंय की’ म्हणून महिनोन्‌महिने तसाच वापरतो. मी रोज पुण्यात बाईकने ऑफिसला जातो-येतो आणि पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे शोधल्याशिवाय उपायाला हात लावायचा नाही, ही माझी सवय. आज व्हायझरचंही तसंच करूया.

ही ‘काच’ मुळात काच नसतेच

आपण सगळे ‘हेल्मेटची काच’ म्हणतो, पण व्हायझर बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचा असतो. अपघातात काच फुटली तर तिचे तुकडे थेट डोळ्यांत जातील. पॉलिकार्बोनेट वाकतं, पण सहसा तसं फुटत नाही, म्हणून ते वापरतात.

या मजबूत प्लास्टिकचा एक दोष आहे: त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. कठीणपणा मोजण्याच्या मोह्ज मापावर गारगोटी ७ वर येते. मोबाईलची काच साधारण ६ च्या आसपास असते आणि पॉलिकार्बोनेट तर त्याच्याही खूप खाली. म्हणून कोरडी धूळ रुमालाने पुसणं म्हणजे अगदी बारीक सँडपेपर फिरवण्यासारखंच आहे.

हे टाळण्यासाठी चांगल्या व्हायझरवर काही मायक्रॉन जाडीचा कठीण थर दिलेला असतो, त्याला हार्ड कोट म्हणतात. काही व्हायझरला आतून वाफ धरू नये म्हणून अँटी-फॉग थरही असतो. हे दोन थर लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे.

दिवसा नीट दिसतं, मग रात्री त्रास का?

ओरखडा म्हणजे प्लास्टिकवरची एक बारीक नाली. समोरच्या गाडीचा प्रकाश तिच्या कडांवर आपटून सगळीकडे विखुरतो. दिवसा हे फारसं जाणवत नाही. रात्री समोरून एलईडी हेडलाईट आला की प्रत्येक चरा उजळतो, दिव्याभोवती जाळं दिसतं आणि त्या झगमगाटात खड्डा किंवा माणूस हरवून जातो. पावसात तर आणखी वाईट.

आता साधा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. खड्डा अर्धा सेकंद उशिरा दिसला, तर तेवढ्यात तुम्ही ८ मीटर पुढे गेलेले असता. प्रश्न व्हायझरच्या दिसण्याचा नसून या ८ मीटरचा आहे.

पायरी १: आधी नीट धुवा

बऱ्याचदा ओरखडा वाटतो तो वाळलेला किडा किंवा पाण्याचा डाग असतो.

१. व्हायझर हेल्मेटवरून काढा. प्रत्येक मॉडेलची खटकी वेगळी असते, म्हणून जोर लावण्याआधी त्या मॉडेलचा व्हिडिओ बघा.
२. ओला मऊ कपडा व्हायझरवर १० मिनिटं नुसता ठेवा. घासू नका, घाण आपोआप मऊ होऊ द्या.
३. वाहत्या कोमट पाण्याखाली धरून धूळ जाऊ द्या. मग बेबी शाम्पू किंवा सौम्य साबणाचे दोन थेंब घेऊन बोटांनीच हलकं चोळा.
४. स्वच्छ पाण्याने धुऊन मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या आणि सावलीत वाळवा.

पायरी २: मोबाईलच्या टॉर्चने तपासा

अंधाऱ्या खोलीत मोबाईलची टॉर्च लावून तो तीन-चार फुटांवर ठेवा. व्हायझर डोळ्यांसमोर धरून टॉर्चच्या दिशेने बघा. रात्री रस्त्यावर नेमकं काय होतं, ते इथे घरबसल्या दिसेल. मग ओरखड्यावरून हलकेच नख फिरवा आणि ठरवा:

- टॉर्चभोवती जाळं नाही, चरे फक्त कडेला: काही करू नका, वापरत राहा.
- बारीक चरे, नख अडकत नाही, नजरेच्या पट्ट्याबाहेर: पॉलिश करून बघता येईल.
- नख अडकतं, किंवा डोळ्यांसमोरच जाळं दिसतं: व्हायझर बदला. इथे पॉलिशवर वेळ घालवू नका.

पायरी ३: पॉलिश केल्याने नेमकं काय होतं?

पॉलिश ओरखडा ‘काढत’ नाही. ते आजूबाजूचं प्लास्टिक घासून नालीच्या पातळीपर्यंत खाली आणतं. म्हणजे त्या जागेचा हार्ड कोटही जातो. व्हायझर आज चमकेल, पण पुढच्या वेळी तिथेच अधिक लवकर चरे पडतील. जास्त घासलं तर पृष्ठभाग एकसारखा राहत नाही आणि समोरचं दृश्य किंचित लहरी दिसू लागतं.

काही उत्पादनं ओरखडा मेणासारख्या पदार्थाने भरतात. नाली भरली की प्रकाश कमी विखुरतो, म्हणून चरा गायब झाल्यासारखा वाटतो. चार धुण्यांत किंवा एका पावसात तो परत दिसतो.

तरीही करायचंच असेल तर पॉलिकार्बोनेटसाठी चालतं असं लिहिलेलं प्लास्टिक पॉलिशच घ्या. मटारच्या दाण्याएवढं पॉलिश मायक्रोफायबरवर घेऊन हलक्या हाताने मिनिटभर फिरवा, धुवा आणि पुन्हा टॉर्च टेस्ट करा. आतल्या बाजूला, अँटी-फॉग थरावर किंवा आरशासारख्या रंगीत व्हायझरवर पॉलिश अजिबात नको.

व्हायरल घरगुती उपायांचं काय?

- टूथपेस्ट आणि बेकिंग सोडा: दोन्हींत घासणारे कण असतात. एक मोठा चरा पुसट होतो आणि त्याबदल्यात शेकडो बारीक चरे मिळतात. रात्री हे धुकं जास्त त्रास देतं.
- पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर: पूर्ण बंद. यांनी पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडतं, त्यात बारीक तडे जातात आणि ते ठिसूळ होतं. आतल्या थर्माकोललाही यांचा धोका असतो.
- काच पुसायचा स्प्रे: ज्यात अमोनिया असतो तो नको, प्लास्टिक आणि थर दोन्ही खराब होतात.
- हेडलाईट चमकवायचं किट: हेडलाईटचं आवरणही पॉलिकार्बोनेटचंच असतं, मग इथे का नाही? कारण हेडलाईटमधून प्रकाश फक्त बाहेर पडायचा असतो. व्हायझरमधून तुम्हाला स्पष्ट बघायचं असतं. तिथे चालणारा खडबडीतपणा इथे चालत नाही.

व्हायझर बदलताना

साध्या हेल्मेटचा व्हायझर बहुतेक वेळा काही शे रुपयांत मिळतो, म्हणजे मोबाईलच्या कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासएवढाच खर्च. आपल्या हेल्मेटच्या कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्या. ‘सगळ्यांना बसतो’ असा घेतला तर खटकी सैल राहून वाऱ्याने उघडू शकतो. रात्री गाडी चालवत असाल तर पारदर्शकच घ्या, गडद नको.

त्याच वेळी हेल्मेटही तपासा. १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क बंधनकारक आहे. मार्कच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते कळतं. नाव जुळत नसेल तर नवा व्हायझर घेण्याआधी हेल्मेटच बदला. आणि ओरखडे अपघातात पडले असतील तर व्हायझरचा विचारच सोडा. आतलं थर्माकोल एकदा दाबलं गेलं की पुन्हा तसं संरक्षण देत नाही, भले बाहेरून काही दिसत नसेल.

पुढे ओरखडे पडू नयेत म्हणून

- हेल्मेट व्हायझरच्या बाजूने खाली ठेवू नका. कापडी पिशवी वापरा.
- पावसात शर्टाच्या बाहीने किंवा ग्लोव्हने पुसू नका.
- डिकीत छोटी पाण्याची स्प्रे बाटली आणि मायक्रोफायबर ठेवा. आधी पाणी, मग कापड.
- ते कापड दुसऱ्या कशालाही वापरू नका. चेन पुसलेलं कापड व्हायझरला लागलं की संपलं!

थोडक्यात, आधी धुवा, मग टॉर्चने बघा, आणि डोळ्यांसमोर जाळं दिसलं तर सरळ बदला. आज रात्री दोन मिनिटं काढून ही टॉर्च टेस्ट करून बघा. घरात आई-बाबा किंवा भाऊ-बहीण गाडी चालवत असतील तर त्यांचंही हेल्मेट तपासा, कारण ते स्वतःहून सांगणार नाहीत!