पावसातली लीग

मंडळी, कॅनडात तळी गोठली की पोरं स्केट्स चढवून आईस हॉकी खेळायला लागतात. लडाखमध्ये लेहच्या कार्झू तळ्यावरही तेच. ज्या ऋतूत खेळ बंद व्हायचा, त्याच ऋतूत तिथे खेळ सुरू! आपल्याकडे असं काही आहे का, असा विषय परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये निघाला. आहे ना राव. मुंबईची कांगा लीग.

मी मानवतचा. आमच्याकडे काळी, कापसाची जमीन. मृगाचा एक पाऊस झाला की मैदानात पाय टाकायची सोय नाही, चपलेला किलोभर चिखल चिकटतो. बॅट माळ्यावर ती थेट दिवाळीपर्यंत. त्यामुळे भर पावसाळ्यात मुद्दाम क्रिकेटची स्पर्धा भरवणं, हे आमच्याकडच्या माणसाला वेडेपणाच वाटणार.

हा वेडेपणा सुरू झाला 1948 साली. नाव डॉ. होरमसजी कांगा यांचं. पेशाने डॉक्टर आणि पारशी संघाचे नावाजलेले फलंदाज. 1911 मध्ये जो भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात पळवणकर बाळूंबरोबर तेही होते. 1945 साली ते वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ ही लीग निघाली. एकेका दिवसाचे सामने, तेही बहुतेक रविवारी. ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन. जिंकलात तर वर, हरलात तर खाली.

आता यातलं लॉजिक बघा. खेळपट्टी उघडी, आउटफिल्डमध्ये गवत वाढलेलं. जमिनीवरून मारलेला फटका गवतात अडकतो, म्हणून चेंडू उचलून मारायचं धाडस हवं. ओल्या विकेटवर एक चेंडू घसरतो, पुढचा छातीवर येतो. अशा ठिकाणी वीस धावा काढणारा पोरगा कोरड्या विकेटवर घाबरेल कशाला? 1958-59 ते 1972-73 मुंबईने सलग 15 वेळा रणजी जिंकली. हे सगळं श्रेय कांगा लीगचं नाही हे मान्य, पण ती पोरं याच चिखलातून वर आली होती.

आणि बरं का, या लीगमध्ये खेळायचे पैसे नाहीत. पोटापाण्यासाठी ऑफिसची नोकरी, त्या ऑफिसकडून टाइम्स शिल्ड, आणि रविवारी क्लब. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. गावसकर आणि वेंगसरकर दादर युनियनचे, वाडेकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. म्हणजे दिवसभर लेजर लिहिणारा एखादा कारकून रविवारी चक्क कसोटीवीराला बोलिंग टाकायचा! 1984 मध्ये 11 वर्षांचा सचिन तेंडुलकर याच लीगमध्ये जॉन ब्राइट क्लबकडून पहिल्यांदा उतरला.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत 589 विकेट्स, आणि कसोटी? एकही नाही. समोर बिशनसिंग बेदी होते ना. तरी हा माणूस शिवाजी पार्क जिमखान्याकडून वर्षानुवर्षं टाकत राहिला. 2025 मध्ये ते गेले. अमॅच्युअर या शब्दाचा अर्थ आपण 'कच्चा' असा घेतो. मूळ अर्थ आहे 'प्रेम करणारा'.

आता खेळपट्ट्या झाकल्या जातात, ओल्या विकेटचं कसब फारसं कोणाला लागत नाही. मग ही लीग कशाला, असं विचारणारे आहेत. मला वाटतं प्रश्न कसबाचा नाहीच. आपण तासाच्या हिशोबाने टर्फ बुक करतो, बारा जण जमले तर खेळतो, रिलीज आली की कॅन्सल. याला मॅच म्हणतात, लीग नाही. लीगला सेक्रेटरी लागतो, अंपायर लागतो, पॉइंट्सची वही लागते. आणि पुढच्या वर्षी ती वही पुन्हा उघडणारं कोणीतरी लागतं.

मुंबईला मैदानं होती, लोकल होती, नोकऱ्या देणारी ऑफिसं होती. परभणी जिल्हा मुंबईच्या नाही, महाराष्ट्राच्या असोसिएशनमध्ये येतो, आणि आमच्याकडे यातलं फारसं काही नव्हतं. पण पाऊस हा मुंबईचा ऋतू. आमचा ऋतू कापूस वेचून झाल्यावरचा, थंडीतला. जमीन टणक, आभाळ स्वच्छ. तेव्हा आठ गावांचे आठ संघ आणि एक वही, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते की.

वही मी आणतो. अंपायर कोण होतंय, बोला!