दुसऱ्याच्या नावाचा आधार

न्यूयॉर्कच्या प्रेस्टोनेट्स कंपनीचा धंदा साधा होता. प्रसिद्ध अत्तरवाले फ्रान्स्वा कोटी यांची अस्सल पावडर विकत घ्यायची, तिच्या वड्या पाडायच्या आणि पर्समध्ये मावेल अशा धातूच्या डबीतून विकायच्या. अत्तरही मोठ्या बाटलीतून छोट्या कुप्यांत भरायचे. माल मूळचा कोटीचा. पण डबीवर ‘कोटी’ छापायचे कोणत्या हक्काने?

कोटी कोर्टात गेले, तेव्हा खालच्या न्यायालयाने लेबलचा मजकूरच ठरवून दिला. आमचा कोटीशी संबंध नाही, मात्र ही वडी कोटीच्या पावडरीपासून आम्ही बनवली आहे, असे लिहा; आणि सगळे शब्द एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या अक्षरांत हवेत. अपिलात नावाचा वापरच बंद झाला. अखेर १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मूळ आदेश कायम केला. गिऱ्हाइकाची फसवणूक होत नसेल तर खरे सांगण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेता येते, हा त्याचा गाभा.

पुढे मोटारींची पाळी आली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा एक मेकॅनिक फोक्सवागन दुरुस्त करत असे आणि तसे जाहीरही करत असे. कंपनी कोर्टात गेली. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल मेकॅनिकच्या बाजूने दिला, कारण त्याने कंपनीचे वर्तुळातले चिन्ह किंवा अक्षरांची खास धाटणी उचलली नव्हती आणि आपण स्वतंत्र आहोत हे तो सांगत होता.

भारतात हाच प्रश्न स्वयंपाकघरातून आला. सुट्या भागांसाठी मूळ वस्तूचे नाव घेण्याची मुभा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे, पण ते नाव घेणे ‘वाजवीपणे आवश्यक’ असले पाहिजे. मुंबईच्या हॉकिन्स कंपनीने कुकरच्या रबरी रिंगा विकणाऱ्या एका उत्पादकाला कोर्टात खेचले. त्याच्या पाकिटावर ‘हॉकिन्स प्रेशर कुकरला योग्य’ असा मजकूर होता. आधी दावा फेटाळला गेला. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मात्र तो निकाल फिरवला. रिंग एकट्या हॉकिन्सपुरती नव्हती, त्यामुळे ते नाव घेणे आवश्यक ठरत नव्हते. शिवाय ‘हॉकिन्स’ हा शब्द पाकिटावर उठून दिसेल असा छापलेला होता. अक्षरांचा आकार आणि रंग १९२४ इतकाच २०१२ मध्येही निर्णायक ठरला.

सॉफ्टवेअरच्या जगात मात्र अनेकांनी थेट नावालाच हात घातला. मार्क स्पेन्सर या तरुणाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिनक्सवर चालणारा एक गप्पांचा प्रोग्राम लिहिला. अमेरिका ऑनलाइनच्या ‘एओएल इन्स्टंट मेसेंजर’ला तो पूरक, म्हणून नावातही ते तिन्ही शब्द होते. कंपनीने हरकत घेतल्यावर उरले ‘गेम’: इंग्रजीतल्या जी या अक्षरापुढे ए-आय-एम. पुढे कंपनीने ‘एआयएम’ची नोंदणी केली आणि नोटिसा पुन्हा येऊ लागल्या. तोवर हा प्रोग्राम याहू, एमएसएन, आयसीक्यू अशा कितीतरी सेवांशी बोलत होता. तडजोडीची बोलणी चालू असताना दुसरी आवृत्ती बीटा अवस्थेतच अडकली आणि स्वयंसेवकांना त्याचे कारण उघडपणे सांगताही येईना. एप्रिल २००७ मध्ये नाव बदलून ‘पिजिन’ झाले. आतल्या लायब्ररीलाही ‘लिबपर्पल’ हे नवे नाव द्यावे लागले. फुकट वाटल्या जाणाऱ्या कामाची ही परवड आजही चटका लावते.

इन्स्टाग्रामची गोष्ट अधिक बोलकी. ‘इन्स्टा’ किंवा ‘ग्राम’ यांपैकी एक तुकडा पूरक ॲपच्या नावात चालेल, असे कंपनीचेच नियम सांगत होते. ऑगस्ट २०१३ मध्ये नियम बदलले आणि दोन्ही तुकडे वर्ज्य झाले. जुन्या नियमांच्या भरवशावर नाव कमावलेल्यांना नवी पाटी रंगवणे भाग पडले. ‘स्टॅटिग्राम’चे ‘आयकोनोस्क्वेअर’ झाले.

प्रेस्टोनेट्स आणि आजचा डेव्हलपर यांच्यात खरा फरक इथे आहे. कोटीची पावडर बाजारात कुठेही मिळत होती. ॲपला मात्र मूळ कंपनीने उघडलेल्या एपीआय या दुव्यातून रोज माहिती लागते आणि त्या दुव्याची कळ कंपनीच्या हाती असते. कोर्टात जिंकण्याजोगी बाजू असली, तरी खटला उभा राहण्याआधीच ॲप बंद पडू शकते.

म्हणून पूरक ॲप बनवणाऱ्या मराठी तरुणांनी नाव स्वतःचेच निवडावे. मूळ सेवेचा उल्लेख ‘अमुकसाठी’ असा वर्णनात, साध्या अक्षरांत करावा. तिचे चिन्ह आणि रंग टाळावेत. आपण त्या कंपनीचे नाही, हे स्पष्ट लिहावे. आणि नाव पक्के करण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तो विनामूल्य आहे.