वाचून झाल्यावर : जांबोटीचे गुंजीकर आणि कादंबरीचे परीक्षण



आमच्या घरी चातुर्मासात पोथी लागत असे. हरिविजय, पांडवप्रताप किंवा शिवलीलामृत. आजोबा वाचत, आजी आणि शेजारच्या बायका ऐकत. अध्याय संपला की सगळे हात जोडत आणि आपापल्या कामाला लागत. पोथीवर मत द्यायचे नसते, ही घरातली रीत होती. कादंबरीची गोष्ट मात्र निराळी. आजोबा वाचनालयातून कादंबरी आणत आणि ती परत करण्यापूर्वी जमाखर्चाच्या एका जुन्या वहीत तिच्याविषयी चार-सहा ओळी लिहीत. पुस्तकाचे नाव, लेखक, किती दिवसांत वाचून झाली, आणि खाली आपले मत. आवडली असेल तर का आवडली, नसेल तर कुठे बिनसले. लहानपणी मला वाटे, ही त्यांची एकट्याची खोड असावी. पुढे वाङ्मयाचा इतिहास वाचताना ध्यानात आले की या खोडीलाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या जांबोटीपर्यंत येतो. आज त्याच धाग्याविषयी बोलायचे आहे.

सुरुवात बेळगावपासून करू. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. त्या वेळी त्याच्या कपाटात ठेवायला स्वतंत्र मराठी कादंबरी अस्तित्वातच नव्हती. ती आली नऊ वर्षांनी, १८५७ मध्ये, आणि तिचा कर्ताही बेळगावचाच निघाला. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. पदमनजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि त्या धर्माची ओढ पुस्तकात उघड दिसते. पण आपल्या डोळ्यांसमोरच्या घरात काय चालले आहे ते गोष्टीत आणता येते, हे त्यांनी मराठीत प्रथम दाखवले.

वाचकांची पसंती मात्र दुसरीकडे गेली. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि तिने लोकांना वेड लावले. सद्गुणी नायिका, कपटी दुष्ट, ताटातूट, अरण्यातले हाल, अखेर पुनर्भेट. याच वळणाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या एकामागून एक निघू लागल्या. वाचणारा नवशिका होता, पोथी ऐकून तयार झालेला. पोथीतला चमत्कार तो हात जोडून मान्य करी, तसाच कादंबरीतलाही करू लागला. मला वाटते, मराठी वाचकापुढचा पहिला खरा प्रश्न इथे उभा राहिला. छापून आलेली गोष्ट पोथीसारखी ऐकायची, की शेजाऱ्याने सांगितलेल्या हकिकतीसारखी पारखून घ्यायची?

या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत आपल्या गावचा एक माणूस होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचा जन्म १६ एप्रिल १८४३ रोजी जांबोटीला झाला. त्यांच्या आडनावात जे गाव आहे ते गुंजीही आपल्याच खानापूर तालुक्यातले. हा सगळा मुलूख पावसाचा आणि रानाचा. जवळच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पलीकडे चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. अशा ठिकाणचा मुलगा शिकण्यासाठी मुंबईपर्यंत गेला, शिक्षण खात्यात नोकरीला लागला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८६७ साली, ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक काढणाऱ्यांत प्रमुख ठरला. पहिली सात वर्षे त्याचे संपादन त्यांनी केले. पुढे संपादक बदलत गेले, पण मासिक विसाव्या शतकातही बरीच वर्षे चालू राहिले. मराठीत ग्रंथपरीक्षणाला कायमची जागा मिळवून देणाऱ्या नियतकालिकांत त्याचे नाव अगोदर घ्यावे लागते.

याच १८६७ साली सरकारने छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांसंबंधीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा होऊ लागल्या आणि त्यांच्या याद्या निघू लागल्या. म्हणजे एकाच वर्षी पुस्तके मोजण्याची सोय सरकारने केली आणि ती तोलण्याची सोय वाचकांनी आपल्यापुरती केली. सरकारी यादीतून पुस्तकाची पाने कळतात, किंमत कळते. ते वाचावे की नाही, हे वाचलेल्या माणसालाच सांगावे लागते.

त्या काळी परीक्षण लिहून कुणाचे पोट भरत नव्हते. लिहिणारे मास्तर होते, कारकून होते, वकील होते. दिवसाचे काम आटोपून रात्री दिव्याशी बसून वाचायचे आणि वाचलेल्यावर लिहायचे. आज आपण ज्याला छंद म्हणतो तोच हा. पण त्याला एक शिस्त होती, आणि ती समजण्यासाठी दोन शब्दांतला फरक पाहिला पाहिजे. अभिप्राय बहुधा मागून घेतलेला असतो. लेखक पुस्तक घेऊन थोरामोठ्यांकडे जातो, ते चार गोड ओळी लिहून देतात आणि त्या पुस्तकाच्या मागे छापल्या जातात. परीक्षण असे मागून मिळत नाही. ते लेखकासाठी नसतेच. ज्याने पुस्तक अजून वाचलेले नाही, त्याच्यासाठी ते असते. म्हणून त्यात कारण द्यावे लागते. नुसते ‘उत्तम’ किंवा ‘टाकाऊ’ म्हणून भागत नाही.

आणखी एक गोष्ट गुंजीकरांच्या बाबतीत मला मोलाची वाटते. त्यांनी नुसते दुसऱ्यांचे माप काढले नाही. त्यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमाक्रमाने आली आणि १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. गोष्ट काल्पनिक, पण काळ शिवाजी महाराजांचा. नुसत्या अद्भुतावर विसंबण्याऐवजी गोष्टीला आपल्या डोंगरकिल्ल्यांचा आणि आपल्या इतिहासाचा पाया द्यावा, असा हा प्रयत्न होता. अद्भुताची जुनी सवय ‘मोचनगडा’लाही पुरती सुटलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. गुंजीकर आपल्या गावचे म्हणून त्यांना सूट दिली, तर त्यांचाच धडा आपण विसरलो असे होईल.

१८५७, १८६१ आणि १८७१ ही तीन साले शेजारी ठेवून पाहा. चौदा वर्षांत कादंबरीविषयी तीन निरनिराळी उत्तरे पुढे आली. पदमनजी म्हणतात, कादंबरी समाजाला जागे करण्यासाठी. हळबे म्हणतात, मन रमवण्यासाठी. गुंजीकर म्हणतात, मन रमवावेच, पण पाय आपल्या भूमीवर असू द्यावेत. या तिघांपैकी दोघे आपल्या जिल्ह्यातले. पुढल्याच वर्षी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक’ यांविषयीचा निबंध आला आणि अद्भुत कादंबऱ्यांतल्या अवास्तवपणावर त्यांनी बोट ठेवले. ‘नॉव्हेल’ला मराठीत अजून ‘नावल’ म्हणत होते, पण तिच्यात काय खटकते ते सांगायला वाचक शिकला होता. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. वाचन कसे करावे, हा विषय त्यांनाही निबंधाचा वाटला. आणि १८९० नंतर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली, तेव्हा पदमनजींच्या यमुनेनंतर मराठी वाचकाला हरिभाऊंची यमू भेटली. या वेळी तिच्यासाठी रडणारे वाचक घरोघर तयार होते. हे सगळे परीक्षणांमुळेच झाले असे मी म्हणत नाही. पण चांगली कादंबरी यायला ती ओळखणारा वाचक आधी असावा लागतो, आणि तो वाचक घडवण्याचे काम या फावल्या वेळेतल्या लेखणीने केले.

गुंजीकर १८ जून १९०१ रोजी गेले. शाकुंतलाचा अनुवाद, व्याकरण, ‘सरस्वतीमंडळ’सारखा ग्रंथ, झरझर लिहिण्याची लिपी, असा त्यांच्या कामाचा पसारा आहे. त्यांच्यानंतर या जिल्ह्याने मराठी साहित्याचे मोठे सोहळेही पाहिले. १९२९ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन झाले. १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. ते स्वतः कादंबरीकार आणि समीक्षक. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनातला. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष म्हणून आले. शिवाय कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा अशा गावांतून संमेलने भरतात, मांडव गच्च भरतात.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. तेव्हापासून भाषेसाठी आपण पुष्कळ केले. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, निवडणुका लढवल्या. त्या पिढीविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण या धावपळीत आपली एक सवय हळूहळू सुटली. मराठीसाठी भांडणारे घर मराठी पुस्तकावर मात्र बोलेनासे झाले. ठराव आपण सरकारला वाचून दाखवतो. कादंबरी वाचून घरात एकमेकांशी बोलायला सरकारची परवानगी लागत नाही, आणि न बोलल्याचा दोषही सरकारवर टाकता येत नाही.

एक उदाहरण देतो. निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. निपाणी परिसरातली कष्टकरी माणसे आणि त्यांची कानडी मिसळलेली मराठी त्यांच्या लेखनात आहे. त्यांच्या पुस्तकातला एखादा शब्द पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला कोशात शोधावा लागेल. आपल्याला तो बाजारात रोज ऐकू येतो. त्यांनी लिहिलेली बोली खरी उतरली आहे की नाही, माणसे तशीच वागतात की नाही, हे सांगण्याचा अधिकार सीमाभागातल्या वाचकाचा सर्वांत मोठा. पण आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्या एका तरी कादंबरीवर पानभर लिहून ठेवले? मी हा प्रश्न स्वतःला विचारला आणि मला मान खाली घालावी लागली. ते हयात असताना मी त्यांची पुस्तके वाचली, आवडली, आणि गप्प बसलो.

आपल्याजवळ आणखी एक भांडवल आहे. आपल्यातल्या पुष्कळांना कानडी येते. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाबद्दल त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातला वाचक तो अनुवाद मराठी कादंबरी म्हणून वाचतो. आपण मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून वाचू शकतो. कुठे कानडी म्हण मराठीत सहज उतरली, कुठे थोडी अडखळली, हे आपल्याला कळते. दोन भाषांच्या मध्ये राहण्याचा त्रास आपण सोसतो. त्यातून आलेली ही जाण का वाया घालवावी?

म्हणून शेवटी एक साधी विनंती. प्रत्येक वाचनालयाने एक वही ठेवावी. कादंबरी परत करताना वाचकाने तीत एक पान लिहावे. मोठे शब्द नकोत. गोष्ट कुठे खरी वाटली, कुठे लेखकाने हात सोडला, भाषा आपल्या कानाला कशी लागली, आणि हे पुस्तक मी कुणाला वाचायला सांगीन, एवढे पुरे. सगळी गोष्ट सांगून टाकू नये, पुढच्या वाचकाचा आनंद राखावा. खाली नाव घालावे, म्हणजे लिहिताना जबाबदारी राहते. आवडले नाही तर तसेच लिहावे, पण कारण द्यावे. शाळेतल्या मुलांना ही वही वाचू द्यावी. ‘मराठी वाचा’ असे मुलांना शंभरदा सांगण्यापेक्षा, आपल्या गल्लीतल्या काकूंना एखादी कादंबरी का आवडली हे त्यांच्याच अक्षरात वाचणे अधिक उपयोगी पडते.

आजोबा गेल्यावर घर आवरताना त्यांची वही सापडली. शेवटच्या पानावर एका कादंबरीचे नाव आणि तारीख होती. खाली अभिप्रायाची जागा कोरी होती, पुस्तक पुरे व्हायच्या आधीच ते गेले होते. ती कादंबरी मी वाचनालयातून आणली, वाचली आणि त्या कोऱ्या जागेत माझे मत लिहिले. शेवट मला पटला नव्हता, तसे लिहिले. आजोबांना पटला असता की नाही, कोण जाणे. पण वही पुढे चालू झाली आणि आज ती माझ्या मुलीकडे आहे.